मावाशी-गेरीचा मावशीशी काही संबंध नाही: कराटेतले जपानी शब्द

आमच्याकडे बेल्टच्या परीक्षेत थोडे तोंडी प्रश्न असतात. झेंकुत्सु-दाची म्हटलं की पोरगं लगेच पाय टाकून उभं राहतं, गेदान-बाराई म्हटलं की हात खाली झटकतं, सगळं बरोबर. पण "ह्याचा अर्थ काय रे?" असं विचारलं की बहुतेक पोट्टे सरांकडे बघतात आणि सर माझ्याकडे बघतात, कारण लहान बॅच मी घेते. शब्द सगळ्यांना पाठ असतात, अगदी झोपेत विचारले तरी सांगतील, पण आत काय आहे ते कोणी सांगितलेलंच नसतं. मला ह्याबद्दल कधीचं लिहायचं होतं, कारण मला मनापासून वाटतं की ह्या शब्दांचे अर्थ म्हणजे परीक्षेपुरतं जनरल नॉलेज नाही, टेक्निक कशी करायची ह्याची अर्धी सूचना त्या नावातच लिहिलेली असते आणि आपण ती पोरांना देतच नाही.

नागपुरात तर अजून एक गंमत आहे, आपल्याकडे पोरांच्या कानात मराठी आणि हिंदी दोन्ही असतं, त्यामुळे जपानी शब्द कानावर पडला की तो लगेच कुठल्यातरी ओळखीच्या शब्दाला जाऊन चिकटतो. माए-गेरी म्हटलं की माय, मावाशी-गेरी म्हटलं की मावशी, उशिरो-गेरी म्हटलं की उशीर. पोट्टे हसतात, हसू द्यावं, त्यानं शब्द लक्षात राहतात. पण मग लगेच सांगून टाकावं की माए म्हणजे समोर, उशिरो म्हणजे मागे, योको म्हणजे बाजूला आणि मावाशी म्हणजे गोल फिरवून. आणि हा मावाशी तोच, जो आपण "मावात्ते" म्हटल्यावर वळतो त्यातला, दोन्हीचं मूळ फिरण्याचंच आहे. एवढं कळलं की पोरगं सरळ पाय उचलून मावाशी मारत नाही, ते कंबर फिरवायला लागतं, मी हे बघितलेलं आहे.

सगळ्यात जास्त घोटाळा आगे-उकेचा. हिंदी बोलणाऱ्या पोरांना वाटतं आगे म्हणजे पुढे, आणि किहोन, म्हणजे मूळ हालचालींचा सराव, करताना आपण आगे-उके एकेक पाऊल पुढे टाकतच करतो ना, त्यामुळे त्यांचा समज कित्येक महिने उघडा पडत नाही! पाय पुढे जाऊन राहिला, सर काही म्हणत नाहीत, म्हणजे बरोबरच असेल. पण आगे हा जपानी शब्द वर उचलण्यासाठी आहे. हात खालून वर जायला पाहिजे, कपाळाच्या वरून समोरच्याचा ठोसा वर न्यायला पाहिजे. ज्या पोराच्या डोक्यात "पुढे" बसलंय त्याचा हात तोंडासमोरच आडवा राहतो, आणि आपण वर्षभर "हात वर, हात वर" ओरडत बसतो. एका वाक्यात अर्थ सांगितला असता तर काम झालं असतं.

आता उच्चारांचं. पोरं विचारतात की नुसता ठोसा म्हणताना त्सुकी आणि ओई-झुकी म्हणताना झुकी, असं काऊन? किक म्हणजे केरी, पण माए-गेरी. उभं राहण्याच्या पद्धतीला ताची, पण किबा-दाची. झाडून टाकणं म्हणजे हाराई, पण गेदान-बाराई. हे काही वेगवेगळे शब्द नाहीत, जपानीत दोन शब्द जोडले की दुसऱ्याचं पहिलं अक्षर बऱ्याचदा मऊ होतं, क चा ग, त चा द, त्स चा झ, ह चा ब. आठवीनववीच्या पोरांना मी संधीची आठवण करून देते, वाक् आणि ईश मिळून वागीश होतं, तिथे क चा ग होतोच की. संस्कृत घेतलेली पोरं ह्यावर एकदम खूश होतात. आणि त्सुकीतला त्स म्हणायला तर मराठी माणसाला काहीच त्रास नको, आपल्या चुलीतला, चमच्यातला च तोच आहे. बाकी लोकं "सुकी" म्हणतात, "टुकी" म्हणतात, आपण का म्हणायचं? फक्त एक, त्सुकीतला उ जपानी माणूस जवळजवळ गिळून टाकतो, "त्स्की" असं ऐकू येतं. तसंच एकेक आकडा मोजताना इची, रोकु, शिची, हाची ह्यांचे शेवटचे स्वर अर्धे होतात म्हणून आपल्याकडे इच, रोक, शिच, हाच असं ऐकू येतं, ते चूक नाही.

उके हा शब्द मला सगळ्यात जवळचा आहे. आपल्याकडे सर्रास उके म्हणजे ब्लॉक असं शिकवतात. मूळ क्रियापद आहे उकेरू, म्हणजे घेणं, स्वीकारणं. मराठीत ह्याला अगदी नेमका शब्द आहे, झेलणे. येणारी गोष्ट अडवायची नाही, झेलायची. हा फरक अंगात दिसतो हो, खरंच दिसतो. ब्लॉक म्हटलं की पोरगं हात कडक करून भिंत बनवतं, दुसऱ्याचा हात त्यावर आदळतो, दोघांनाही निळं पडतं. झेल म्हटलं की कोपर सैल राहतं, मनगट शेवटच्या क्षणी फिरतं, समोरच्याचा जोर बाजूला जातो आणि आपला हात त्याच्या हातावर राहतो म्हणजे पुढचं काही करता येतं. उके शिकवताना मी आता "अडव" हा शब्द वापरतच नाही. आणि बाराई म्हणजे झाडणं, अंगणात झाडू मारताना हात जसा जातो तसाच तो हात खांद्यापासून खाली झटकत जातो, म्हणून त्याला गेदान-उके न म्हणता बाराई म्हणतात.

सोतो-उके आणि उची-उके ह्यावर मात्र थोडं सांभाळून. सोतो म्हणजे बाहेर, उची म्हणजे आत. शोतोकान शैलीत हात बाहेरून आत येतो त्याला सोतो-उके म्हणतात, आणि आतून बाहेर जातो त्याला उची-उके, म्हणजे सुरुवात कुठून झाली त्यावरून नाव. काही दुसऱ्या शैलींमध्ये बरोबर उलटं आहे, हात कुठल्या दिशेला गेला त्यावरून नाव. मानकापूरच्या क्रीडा संकुलात किंवा कुठेही स्पर्धेला दोन वेगवेगळ्या क्लासची पोरं भेटली की ह्यावरून वाद होतात, तू चुकीचं शिकला, तुझे सर चुकीचे. कोणीच चुकीचं नाही. आपण कुठल्या शैलीत आहोत ते आधी विचारायचं आणि मग बोलायचं. त्यात भर म्हणजे शुतो-उचीतली (हाताच्या कडेनं मारायचा फटका) उची वेगळीच, तिचा अर्थ मारणं, प्रहार. आवाज सारखा, शब्द दुसरा. तसंच एम्पीचं, कोपराचा मार म्हणजे पण एम्पी आणि एम्पी नावाची काता (ठरलेल्या क्रमानं एकट्यानं करायच्या हालचाली) पण आहे, त्या कातेच्या नावाचा अर्थ उडणारी पाकोळी. ती काता करताना एकदम वर-खाली जावं लागतं ना, म्हणून.

शब्द तोडून बघायची सवय लावली की पोरं स्वतःच अर्थ शोधायला लागतात, हा भाग मला फार आवडतो. ते म्हणजे हात, एवढं एक सांगून ठेवा. मग कराते, कुमिते, हिकिते, नुकिते सगळ्यांच्या शेवटी हात सापडतो. कुमी म्हणजे एकमेकांत गुंतणं, म्हणून कुमिते म्हणजे दोघांची लढत. हिकी म्हणजे ओढणं. आता हा हिकिते बघा, ठोसा मारताना दुसरा हात कमरेशी येतो तो. नव्या पोराला वाटतं तो नुसता पोझसाठी आहे, मग तो हात कुठेतरी पोटासमोर लटकत राहतो. ओढणारा हात म्हटलं, समोरच्याची बाही किंवा मनगट धरून स्वतःकडे ओढतोय असं सांगितलं की तो हात आपोआप जोरात येतो. झेंकुत्सु-दाचीत झेन म्हणजे पुढे आणि कुत्सु म्हणजे वाकवणं, पुढचा गुडघा वाकलाच पाहिजे हे नावातच आलं. कोकुत्सुत को म्हणजे मागे, म्हणजे वजन आणि वाक मागच्या पायात. सेन्पाई म्हणजे सीनियर, त्यातला सेन म्हणजे आधी आणि कोहाईतला को तोच, मागे, नंतर आलेला.

आणि मग शोतोकान शैलीचे जनक फुनाकोशी गिचिन ह्यांचं ते प्रसिद्ध वाक्य घ्या, "कराते नी सेन्ते नाशी". सेन म्हणजे आधी, ते म्हणजे हात, नाशी म्हणजे नाही. ज्या पोराला हे तुकडे माहीत आहेत त्याला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही, कराटेत पहिला हात नाही, आपण आधी हात उचलायचा नाही. हेइआनच्या पाचही काता झेलण्याच्या किंवा झाडण्याच्या हालचालीनं सुरू होतात, एकही ठोशानं नाही. शाळेत भांडणं करून येणाऱ्या पोरांना मी हेच दाखवते, भाषण देत नाही.

मला कोणी म्हणतं की हे सगळं अर्थ-बिर्थ सांगत बसलं तर प्रॅक्टिस कधी होणार, आणि परंपरा म्हणजे जपानीच शब्द पाहिजेत. जपानीच पाहिजेत, मी कुठे नाही म्हणते, जगात कुठल्याही डोजोत गेलं तरी ह्याच शब्दांवर उभं राहता येतं ही केवढी मोठी गोष्ट आहे. पण परंपरेचं म्हणाल तर स्वतः फुनाकोशींनी काय केलं बघा. ते जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटाचे, पेशानं शाळामास्तर. 1922 मध्ये ते टोकियोला प्रात्यक्षिक दाखवायला गेले आणि तिथेच राहिले. ओकिनावातली कातांची नावं टोकियोच्या पोरांना समजेनात, तेव्हा त्यांनी ती चक्क बदलली! पिनानचं हेइआन केलं, शांत आणि स्थिर. नाइहान्चीचं तेक्की केलं, म्हणजे लोखंडी घोडेस्वार, कारण ती अख्खी काता किबा-दाचीत आहे आणि किबा-दाची म्हणजेच घोड्यावर बसल्यासारखं उभं राहणं. कुशान्कु हे एका चिनी दूताचं नाव होतं, त्याचं कान्कु केलं, आकाशाकडे बघणं, कारण सुरुवातीलाच दोन्ही हात वर नेऊन मधल्या फटीतून वर बघायचं असतं. शिकणाऱ्याला नावातून काहीतरी कळावं म्हणून ज्या माणसानं नावं बदलली, त्याची काता शिकवताना आपण अर्थ सांगायचा नाही, हे मला पटत नाही.

मोठा बदल तर कराटे ह्या शब्दातच झाला. आधी कारा हे अक्षर चीनच्या तांग घराण्याचं लिहायचे, म्हणजे चिनी हात. नंतर तोच उच्चार ठेवून अक्षर बदललं, रिकामा. रिकामं हे अक्षर हानाशिरो चोमो ह्यांनी 1905 मध्येच वापरलं होतं, फुनाकोशींनी ते टोकियोत रुजवलं, आणि 25 ऑक्टोबर 1936 ला नाहा शहरात ओकिनावाचे मोठे मोठे गुरू बसले आणि हेच लिहायचं असं ठरलं. म्हणूनच ओकिनावात 25 ऑक्टोबर कराटे दिन म्हणून पाळतात. रिकामा हात म्हणजे शस्त्र नसलेला हात, हे सगळेच सांगतात. पण ते अक्षर "कू" असंही वाचतात, त्याचा अर्थ आकाश पण होतो (कान्कुमधलं कु तेच) आणि बौद्ध ग्रंथ चिनीत गेले तेव्हा आपल्या शून्य ह्या शब्दासाठी तेच अक्षर वापरलं गेलं. फुनाकोशींनी स्वतः हे अक्षर निवडताना प्रज्ञापारमिता हृदयसूत्रातल्या त्या ओळीशी जोडलं, जी संस्कृतात "रूपं शून्यता शून्यतैव रूपम्" अशी आहे.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ कोणाकोणाला फोन करून सांगत होते. आपण नागपूरचे लोक आहोत! ज्या शहरात 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्म घेतला, जिथे जपानमध्ये जन्मलेले भदंत सुरेई ससाई कित्येक दशकं राहिले, जिथून कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर जपानी मदतीनं उभं राहिलेलं रविवारी सगळे बघायला जातात, आणि ज्या शून्यतेवर नागार्जुनानं सगळं तत्त्वज्ञान उभं केलं त्याचं नाव रामटेकची टेकडी अजून सांभाळते, त्या शहरातलं पोरगं रोज सकाळी कराटे कराटे म्हणतं आणि त्यातलं शून्य त्याला कोणी दाखवत नाही. माझ्या बॅचमध्ये कितीतरी पोरं घरी वंदना म्हणणारी आहेत. शून्य, ध्यान हे शब्द त्यांच्या घरचे आहेत. ध्यान पालीत झान झालं, चीनमध्ये चान, जपानमध्ये झेन. मोकुसो म्हणून डोळे मिटून आपण बसतो, मोकु म्हणजे मौन आणि सो म्हणजे विचार, ते बसणं त्याच वाटेनं आलेलं आहे.

डोजोचं तर विचारूच नका. दो म्हणजे मार्ग, जो म्हणजे जागा, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण हा शब्द चीनमार्गे आला तो "बोधिमंड" ह्या शब्दाचं भाषांतर म्हणून, म्हणजे बोधिवृक्षाखालची ती जागा जिथे बुद्धाला ज्ञान झालं. आधी तो बौद्ध विहारातल्या साधनेच्या जागेला वापरायचे, मग मार्शल आर्टवाल्यांनी घेतला. आमचा डोजो म्हणजे एका शाळेचा हॉल, बाजूला बेंच रचलेले, पंख्याचा आवाज, मे महिन्यात तर सकाळी सहालाच फरशी तापलेली. तरी दारात थांबून आपण वाकतो. रेई म्हणजे नुसतं वाकणं नाही, रेई म्हणजे आदर, शिष्टाचार, वाकणं हे त्याचं दिसणारं रूप. पोरांना बोधिमंडाचं सांगितल्यापासून धावत येऊन मान हलवून आत घुसणं कमी झालंय. थांबतात, वाकतात, मग येतात.

आता सेन्सेईबद्दल थोडं, कारण हे मला खटकतं. गुरूंना म्हणतात तो सेन्सेई, शब्दशः आधी जन्मलेला, आपला अग्रज शब्द तसाच बनलाय. जपानीत हे आडनावाच्या नंतर लावतात, आपण जसं देशमुख सर म्हणतो, सर देशमुख म्हणत नाही, अगदी तसंच. आणि स्वतःचं नाव सांगताना स्वतःला सेन्सेई लावत नाहीत, ते दुसऱ्यांनी म्हणायचं असतं. आपल्याकडे चौकाचौकात समर कॅम्पचे फ्लेक्स लागतात त्यावर सेन्सेई आधी आणि नाव नंतर, ते स्वतःच छापलेलं. बदलायला काहीच लागत नाही, पुढच्या फ्लेक्सवर शब्द मागे घ्या. आमच्याकडे पोरं सरांना सरच म्हणतात, मला ताई म्हणतात, सेन्पाई म्हणायचा आग्रह मी केला नाही, ताईमध्ये सेन्पाई आलाच.

ओसबद्दल पण विचारतात पालक, पोरं क्लासमध्ये हो किंवा नमस्कार म्हणून जो शब्द म्हणतात तो. लिहिताना त्यात ढकलणं आणि सहन करणं अशी दोन अक्षरं वापरतात, म्हणजे रेटत राहा, सोसत राहा. क्योकुशिन आणि शोतोकानवाले खूप वापरतात, ओकिनावातल्या बऱ्याच डोजोत मात्र साधं "हाय" म्हणतात, म्हणजे हो. ओस हा मैदानावरचा शब्द आहे, जपानमध्ये कुठल्या वडीलधाऱ्या माणसाला रस्त्यात ओस म्हणू नये. आणि किआई हा शब्द ओरडायचा नसतो! काही क्लासमध्ये पोरं जोरात "किआई!" असंच ओरडतात. की म्हणजे आतली ऊर्जा, आई म्हणजे जुळणं, श्वास आणि शरीर आणि मन एका क्षणाला जुळलं की जो आवाज निघेल तो किआई, तो प्रत्येकाचा वेगळा निघतो.

मोजताना शी म्हटलं की पोट्टे "शी!" करतात ते ठीक, पण एक हुशार पोरगी विचारते की चार म्हणजे शी तर मग हेइआन योन्दान काऊन, शीदान का नाही. कारण शी चा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा आहे म्हणून जपानी लोक बऱ्याच ठिकाणी योन म्हणतात. गोजू-र्यू आणि शितो-र्यू ह्या शैलींमध्ये तर काही कातांची नावंच आकडे आहेत, चिनी वळणाच्या उच्चारात, सेसान म्हणजे 13, सान्सेरू 36, सुपारिन्पेई 108. एकशे आठ का, हे जपमाळ बघितलेल्या मराठी पोराला विचारावं लागत नाही. आणि ब्लॅक बेल्टचं पहिलं दान, म्हणजे पहिली पायरी, इचिदान नाही, शोदान. शो म्हणजे आरंभ. पालकांना हे मुद्दाम सांगते मी, कारण ब्लॅक बेल्ट मिळाला की झालं असं समजून दहावीला क्लास बंद करतात.

स्पर्धेतले शब्द पटकन सांगते कारण ते स्टँडमध्ये बसलेल्या आईवडिलांना लागतात. आका लाल, आओ निळा. युको एक गुण, वाझा-आरी दोन, इप्पोन तीन. सेन्शू म्हणजे आधी गुण घेतल्याचा फायदा, बरोबरी झाली तर तोच कामाला येतो. हाजिमे सुरू, यामे थांबा. शेवटच्या सेकंदांना "आतो शिबाराकु" ऐकू येतं, म्हणजे अजून थोडाच वेळ, तेव्हा वरून ओरडून पोराला घाबरवू नका.

शेवटी क्लास संपताना आम्ही डोजो-कुन म्हणतो, पाच ओळी, प्रत्येक ओळ "हितोत्सु" नं सुरू होते. हितोत्सु म्हणजे एक. दुसऱ्या ओळीला दोन म्हणत नाहीत, पाचव्याला पाच म्हणत नाहीत, प्रत्येक वेळी एकच, कारण कुठलीही ओळ दुसऱ्या नंबरची नाही. स्वभाव घडवत राहणं, खरेपणाची वाट न सोडणं, मेहनतीची वृत्ती जोपासणं, शिष्टाचार जपणं, आणि रक्त उसळलं म्हणून केलेल्या धाडसाला आवर घालणं. ह्या उन्हाळ्यापासून आम्ही ते आधी जपानीत म्हणतो आणि मग मराठीत, मराठीतही पाचही ओळी "एक" नंच सुरू होतात, आणि सगळ्यात छोट्या पोट्ट्यांना पाचवी ओळ म्हणताना समोर कोण उभं आहे ते बघून म्हणायला सांगते, कारण आत्ताच त्याच्याशी कुमिते झालेली असते.